पांढऱ्या अभ्र्यांची बस

चेन्नईहून परत आल्यावर आमच्या बाजारात मला दोनच गोष्टी विचारल्या गेल्या: समुद्र पाहिला का, आणि सोनं तिकडे स्वस्त आहे का. समुद्र पाहिला, पण तो मासे घेता घेता. सोन्याच्या दुकानात पाऊलही टाकलं नाही. मी गेले होते लेकीला परत आणायला. ती आली नाही. चार दिवस मी तिथे काय केलं ते सांगते.

माझं भांड्यांचं दुकान आहे. सुरुवात डोक्यावरच्या पाटीपासून झाली. जुने कपडे घ्यायचे, त्यावर स्टीलची भांडी द्यायची. दारोदार वीस वर्षं फिरले. साडीचा पोत बोटाला लागला की घरातल्या बाईची परिस्थिती कळायची, आणि तिने डब्याचं झाकण दोनदा उघडून पाहिलं की तो डबा तिला हवाच आहे हे कळायचं. ह्या धंद्यात माणसावर विश्वास टाकून चालत नाही. माणूस पारखावा लागतो.

दोनेक महिन्यांपूर्वी गल्लीतल्या एकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. "काकू, ही तुमची अश्विनीच ना?" माझी लेक चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. फोटोत एक गच्ची होती, पंधरावीस बायका मांडी घालून बसलेल्या, हातात घोषणांच्या पाट्या. आणि अश्विनी मधोमध.

घोळक्यात मधोमध कुणाला बसवतात हे मला चांगलं ठाऊक आहे. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या गावात रस्त्यावरचा भाजी-भांड्यांचा बाजार उठवायला नगरपालिकेची गाडी आली, तेव्हा सगळ्यांत आधी रस्त्यावर बसले ती मी. मुकादमाने माझ्या पाटीला लाथ मारली. मी उठून त्याच्या कानाखाली वाजवली. त्यानंतर बाजाराची कमिटी झाली, नाना नावाचे एक गृहस्थ पुढारी झाले आणि म्हणाले, "ह्या बाईला पुढे ठेवलं तर आपली बाजू लंगडी पडते." निवेदन देतानाच्या फोटोत मधोमध एक शांत, नेटकी बाई उभी केली. वर्षाने गाळे मिळाले. यादीत माझं नाव नव्हतं. पुढे मी माझ्या कष्टाने दुकान घेतलं, पण नेमकं त्या गाळ्यांच्या समोर. माझ्या वाट्याला आला असता तो गाळा रोज शटर उचलताना दिसतो. त्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात.

तेव्हा अश्विनीला मधोमध कुणी बसवलं आणि त्यात त्याचं काय निघतं, हे पाहायला मी निघाले.

शनिवार, एग्मोर

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवर अश्विनी आली नव्हती. फोनवर म्हणाली, "आई, मीटिंग चालू आहे, मीटिंगचं घर स्टेशनच्या मागेच आहे, चालत ये." लेकीला आई आणायला वेळ नाही म्हटल्यावर माझं डोकं तिथेच तापलं. मी चालत जाणार नाही म्हणून रिक्षा केली. रिक्षावाल्याने चार बोटं दाखवली, मी एक. तो हसला, मी पाठ फिरवली, त्याने हाक मारली, दोनशेवर सौदा ठरला. निम्म्यात आणला म्हणून मी खुशीत बसले. रिक्षाने स्टेशनला एक वळसा घातला आणि मागच्या बाजूला थांबली. समोरच्या दारातून स्टेशनचा पूल दिसत होता. इतक्या वर्षांत मला असं कुणी गंडवलं नव्हतं, आणि ते मी स्वतः भाव करून गंडवून घेतलं होतं.

जुनं तीनमजली घर. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी. आपल्याकडे रांगोळी ओलांडायची नसते म्हणून मी कडेने गेले, तर इथल्या बायका तिच्यावरून बिनधास्त ये-जा करत होत्या. जिना चढता चढता वरून पुरुषाचा चढलेला आवाज ऐकू आला. गच्चीचं दार ढकललं तर समोर अश्विनी लाकडी खुर्चीवर बसलेली, आणि एक सत्तरीचा, उंच, किडकिडीत म्हातारा तिच्या डोक्यावर तांब्यातून ताक ओततोय. ती गप्प. पंधरावीस बायका पाहताहेत.

मी पिशवी टाकली आणि म्हाताऱ्याचं मनगट धरलं. तांब्या खाली पडला. दुसऱ्या हाताने मी त्याची कॉलर पकडली.

"आई, सोड!" अश्विनी ओरडली. "सराव आहे, सराव!"

म्हाताऱ्याने कॉलर सोडवायची खटपट केली नाही. माझ्या तोंडाकडे पाहून शांतपणे म्हणाला, "आक्का, प्रवास फार जाहला. जेवण जाहले का?"

हे राव सार, घर त्यांचंच. तिथे सरांना सार म्हणतात. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. त्यांची मराठी ऐकून मला आधी वाटलं, माणूस नाटकातलं बोलतोय. मग कळलं, त्यांच्या घरात तीनशे वर्षं अशीच बोलतात, मध्येमध्ये तमिळ घालून. त्यांनी भात, आंबट वरण आणि डांगर पचडी वाढली. डांगर म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवलेलं. आमच्याकडे डांगर कच्च्या कांद्याशी खातात, इथे कढीपत्ता आणि हिंगाची फोडणी. चांगली होती. पण चांगलं जेवण वाढणाऱ्या माणसापासून मी जास्तच सावध राहते.

जेवताना सगळी हकीकत कळली. कारखान्याची बस सकाळी चेन्नईतल्या माधवरमहून निघते. पुढच्या चार रांगांवर पांढरे अभ्रे घातलेत. त्या जागा कायम नोकरीवाल्या स्टाफच्या. मागच्या जागा कंत्राटी बायकांच्या. मागच्या भरल्या की बाकीच्यांनी उभं राहायचं, पुढे निम्म्या जागा रिकाम्या असल्या तरी. तासभर उभं राहून जायचं आणि मग पाळीभर मशीनपुढे उभं राहायचं. अश्विनीची जागा दुसऱ्या रांगेत, खिडकीशी.

"तू बसतेस ना? मग तुला काय त्रास?" मी विचारलं.

"बसते, हाच त्रास आहे," ती म्हणाली. केसांतून अजून ताकाचा वास येत होता.

राव सारांनी अमेरिकेची गोष्ट काढली. तिकडे दक्षिणेच्या राज्यांत काळ्या लोकांनी बसमध्ये मागे बसायचं, गोरा आला की उठायचं, असा कायदाच होता. एका शहरात एक बाई उठली नाही. तिला अटक झाली, तेव्हा गावातल्या काळ्या लोकांनी वर्षभराहून अधिक दिवस बसमध्ये पाऊल ठेवलं नाही, चालत कामाला गेले. एक तरुण पाद्री त्यांचा पुढारी झाला. नंतर विद्यार्थ्यांनी खाणावळीत बसायचं ठरवलं, जिथे त्यांना वाढत नसत. त्याआधी त्यांनी तळघरांतून सराव केला. आपलीच माणसं समोर उभी करायची, त्यांनी शिव्या द्यायच्या, तोंडावर धूर सोडायचा, डोक्यावर काहीबाही ओतायचं, आणि बसणाऱ्याने हात उचलायचा नाही.

"हे सर्व ते आपल्या देशातूनच शिकून गेले, आक्का."

"आपला माल परदेशी जाऊन परत आला की भाव वाढतो," मी म्हटलं.

अश्विनीने कपाळाला हात लावला. सार हसले. मी हसले नाही. मी विचारलं, "ती बाई उठली नाही म्हणता. तीच पहिली का?"

सारांनी भातात बोट फिरवलं. खोटं बोलायचं असतं तर तिथे बोलता आलं असतं. "नाही," ते म्हणाले. "तिच्या काही महिने आधी एक शाळकरी पोर. पंधरा वर्षांची. तीही उठली नव्हती. तिजला पोलिसांनी ओढून नेले."

"मग तिला पुढे का नाही केलं?"

"वय लहान. तापट, म्हणत. त्यात पुढे तिला दिवस गेले, लग्नावाचून. पुढाऱ्यांस वाटले, लोक मूळ गोष्ट सोडून पोरीवरच बोट ठेवतील."

"आणि जिंकले?"

"जिंकले. जो खटला वरच्या न्यायालयात गेला त्यात त्या पोरीचे नाव होते. तिने साक्षही दिली."

"म्हणजे कोर्टात चालली. फोटोत नाही चालली."

सारांनी वाटी माझ्याकडे सरकवली. मी पचडी पुन्हा घेतली नाही.

रविवार, कोवलम

दुसऱ्या दिवशी अश्विनी मला कोवलमला घेऊन गेली, केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं कोळ्यांचं गाव. मला वाटलं, मला फिरवून थंड करायचा बेत आहे. सोबत तिच्या कारखान्यातली सेल्वी होती, तिशीची, काळीसावळी, काटक, नाकात दोन्हीकडे चमकी. तिचं माहेर कोवलमला, आई किनाऱ्यावर मासे विकते. बसमध्ये मी मुद्दाम दोघींच्या मध्ये बसले. त्या माझ्या डोक्यावरून तमिळमध्ये बोलत होत्या आणि सेल्वी सारखी हसत होती. आपल्यावरच हसते आहे असं वाटलं की माझं पित्त खवळतं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तू सारांची कॉलर धरलीस ते सांगते. म्हणते, ह्या अम्माला आमच्या बसमध्ये न्यायला हवी."

किनाऱ्यावर होड्या वाळूत ओढून ठेवलेल्या, निळ्या-हिरव्या, पुढे डोळे रंगवलेले. दुपारचं ऊन असं की वाळूवरून चपलेसकट पाय उचलून टाकावा लागतो. सेल्वीची आई एका फाटक्या छत्रीखाली टोपली घेऊन बसली होती. तिला मराठी नाही, मला तमिळ नाही. अश्विनी दुभाषी व्हायला पुढे आली, तिला मी मागे सारलं. सौद्यात तिसरा नको.

मी एक सुरमई उचलली, म्हातारीने बोटांनी भाव दाखवला, मी कल्ला उघडून पाहिला. लाल होता. तरी मी नाक मुरडलं. म्हातारीने माझ्याकडे एकदा पाहिलं, मासा माझ्या हातातून काढून घेतला आणि छत्रीच्या आत ठेवला. विकायचाच नाही. मी उठले, चार पावलं गेले. तिने हाक मारली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला परत यावं लागलं. आल्यावर तिने बोटं दाखवली, मघापेक्षा एक जास्त. मी हसायला लागले, तीही. शेवटी मघाच्याच भावात दिली आणि वर मूठभर कोळंबी टाकली. माणूस पारखण्यात ती माझ्या वरचढ होती.

मग तिने माझा हात धरून मला जवळ बसवलं आणि बोलायला लागली. मला कळेना. तिने खाणाखुणा केल्या. दोन्ही तळवे पुढे करून कुणाला तरी ढकललं, डोळ्यांवरचा चष्मा पडल्याची खूण केली, लेकीकडे बोट दाखवलं आणि कपाळावर मारून घेतलं.

"हे काय?" मी अश्विनीला विचारलं.

अश्विनी समुद्राकडे पाहत राहिली. "पांढऱ्या अभ्र्यावर सगळ्यांत आधी सेल्वी बसली. दोन महिन्यांपूर्वी. बसवरच्या सुपरवायझरने दंड धरून उठवलं तेव्हा तिने त्याला ढकललं. त्याचा चष्मा फुटला. तिला लेखी ताकीद मिळाली. पुन्हा काही झालं तर कामावरून काढणार."

"म्हणजे सुरुवात हिने केली."

"हो."

"आणि फोटोत मधोमध तू."

"सार म्हणाले, मी कायम नोकरीत आहे, मला इंग्रजी येतं, मला एकदम काढता येणार नाही. मंगळवारी मी दोन बायकांना घेऊन पुढे बसणार आहे. सेल्वीने मागे राहायचं, कारण तिच्यावर बोट ठेवतील."

नाना एकोणीस वर्षांनी कोवलमच्या वाळूत उभे राहिले होते, आणि ह्या वेळी नेटकी बाई माझीच लेक होती.

येताना सुरमईला वास सुटू नये म्हणून मी ती पिशवी खिडकीबाहेर धरून बसले.

सोमवार, पुन्हा एग्मोर

संध्याकाळी सरावाच्या आधी मी राव सारांना गच्चीच्या कोपऱ्यात गाठलं. मी आडवळणाने बोलत नाही.

"सार, तुमची पेन्शन चालू आहे. उद्या काही बिघडलं तर तुमचं काय जाणार?"

"काही नाही," ते म्हणाले. "म्हणून मी बसमध्ये चढत नाही. सांगतो मात्र."

"सांगणारे मी पुष्कळ पाहिले. माझं म्हणणं ऐका. उद्या सेल्वी पुढे बसेल. सुरुवात तिने केली, मधोमध ती. अश्विनी नाही."

सारांनी चष्मा काढून पुसला. "आक्का, एक विचारू? तुम्ही आपल्या लेकीस मागे ओढता आणि परक्याच्या लेकीस पुढे ढकलता. न्याय म्हणून की भीती म्हणून?"

इतकं सरळ मला धंद्यात कुणी विचारलं नव्हतं. मला राग आला. राग आला की मी खरं बोलते. "दोन्ही," मी म्हटलं. "न्यायही होतो आणि माझी लेकही वाचते. असा सौदा रोज मिळत नाही."

अश्विनी मागे कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. "आई, तू माझा पण भाव करतेस?" ती म्हणाली आणि खाली निघून गेली. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सेल्वीला सारांनी विचारलं. ती काय म्हणाली ते त्यांनी मला मराठीत सांगितलं: "ती म्हणते, नोकरी तिची जाणार, तर बसणारही तीच. दोन महिने कुणी तिला विचारले नव्हते." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मीही नाही."

पण हात आवरेल का, हा प्रश्न होता. तो पाहायचा तर सुपरवायझर कुणीतरी व्हायला हवं. सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला हे आवडलं नाही, पण नाही म्हणता आलं नाही.

खुर्चीवर सेल्वी बसली, मांडीवर तिचा जेवणाचा डबा. मी सुरू केलं. मराठीतच. बाजारात वीस वर्षांत जे जे ऐकलं होतं ते सगळं तिच्या तोंडावर फेकलं. तिला शब्द कळत नव्हते, पण शिवी चेहऱ्यावरून कळते. ती समोर पाहत राहिली. मी तिचा पदर ओढला. ती बसून राहिली. मी ऊठ म्हणून खुर्ची हलवली. ती तशीच. मग माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी तिच्या मांडीवरचा डबा हिसकून खाली टाकला आणि त्याला लाथ मारली.

तिचा उजवा हात वर आला. माझ्या गालाच्या उंचीपर्यंत. गच्चीवर कुणी हललं नाही. मग तो हात हळूहळू खाली गेला, आणि तिने दोन्ही तळवे स्वतःच्या मांड्यांखाली घातले. तळव्यांवर बसून राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात काढले नाहीत.

"पोदुम," सार म्हणाले. पुरे.

मी डबा उचलला. कडेला पोचा आला होता. तो माझ्या पायाचा होता.

वाटलं संपलं. पण सेल्वीने डोळे पुसले, खुर्चीवरून उठली आणि मला बोटाने खूण केली: आता तुम्ही. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी बसले. ह्यात काय अवघड आहे, म्हटलं. सेल्वीने शिवी दिली नाही, पदर ओढला नाही. शांतपणे माझी कापडी पिशवी उचलली आणि उलटी केली. माझा पानाचा डबा, चष्म्याचं घर, परतीचं तिकीट, सगळं गच्चीवर पसरलं. ती पिशवी झटकते न झटकते तोच माझ्या हातात तिचं मनगट होतं. बोटांचे वळ उठतील इतकं घट्ट.

सगळा घोळका हसला. सेल्वी सगळ्यांत जास्त.

"आक्का, तुम्ही नापास," सार म्हणाले. "उद्या तुम्ही घरीच राहा. ह्यात तुमच्यासारख्या एकीमुळे सर्व जाते."

एकोणीस वर्षांपूर्वी नाना हेच म्हणाले होते. फरक एवढाच की नाना पाठीमागे म्हणाले होते. मी तिकीट उचललं आणि पिशवी भरली.

मंगळवार, माधवरम

घरी राहा म्हटल्यावर मी राहणाऱ्यातली नाही. अश्विनीची खोली माधवरमलाच. आदल्या संध्याकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. सकाळी ती निघाली, तिच्यामागून मीही निघाले. बसच्या थांब्यासमोर चहाची टपरी आहे. तिथे एका बाकावर बसले. तिथला चहा म्हणजे दूध उकळून त्यात वरून काढा ओततात आणि हातभर उंचीवरून खालीवर करतात. गोड मिट्ट. आपल्यासारखा आल्याचा नाही.

बस आली. आतले पांढरे अभ्रे काचेतून दिसत होते, नुकतेच धुतलेले. सेल्वी पहिली चढली आणि दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसली, म्हणजे अश्विनीच्याच जागेवर. तिच्यामागून आणखी दोघी बसल्या. मग अश्विनी चढली. मला वाटलं, आता ती मागे जाऊन कुठेतरी बसेल, वाचली. ती मागे गेली, पण बसली नाही. कंत्राटी बायकांच्या मध्ये वरची दांडी धरून उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी, गळ्यात स्टाफचं ओळखपत्र. माझा सौदा तिने मानलाही होता आणि मोडलाही.

सुपरवायझर तरुण होता, नवा चष्मा लावलेला. हातातली यादी पाहिली, सेल्वीशी बोलला. ती समोर पाहत राहिली. तो पुन्हा बोलला, आवाज चढला. दंडाला हात लावायचं त्याने टाळलं, मागचा अनुभव असणार. ती तळव्यांवर बसली आहे हे मला बाहेरून कळत होतं, खांदे तसे वर आले होते. मग त्याने तिच्या मांडीवरचा डबा उचलला आणि खिडकीतून बाहेर टाकला.

डबा माझ्यापासून दोन हातांवर पडला. मी उठले. आधी जे सुचलं ते इथे लिहीत नाही. बसच्या पायरीपर्यंत चार पावलं होती. तेवढ्यात मागच्या काचेतून अश्विनी दिसली. ती मान हलवत नव्हती, खूण करत नव्हती, फक्त माझ्याकडे पाहत होती, जसं कुणी उकळत्या दुधाकडे पाहतं.

मी डबा उचलला. कालचा पोचा तसाच, पण झाकण निघालं नव्हतं. दोन्हीकडच्या क्लिपा मजबूत. चांगला माल होता. पदराने पुसला आणि खिडकीतून सेल्वीच्या मांडीवर ठेवला.

त्याने तो पुन्हा टाकला. मी पुन्हा उचलला, पुसला, ठेवला. तो माझ्यावर काहीतरी ओरडला. मला तमिळ येत नाही ह्याचं त्या दिवशी बरं वाटलं. तिसऱ्यांदा टाकला, तिसऱ्यांदा ठेवला. चौथ्या वेळेला झाकण उघडलं आणि पिवळाधमक लिंबूभात रस्त्यावर सांडला. सेल्वीने तोंड फिरवून तो पाहिला. मी रिकामा डबा झाकण लावून परत दिला. तोपर्यंत टपरीवरचे लोक उठून उभे राहिले होते आणि मोठ्याने मोजत होते. तमिळ आकडे मला तिथेच आले: अंजु म्हणजे पाच, आरु म्हणजे सहा.

सहाव्या वेळी मी डबा पुसत असताना टपरीवाला आला, माझ्या हातातून तो घेतला, त्यात चार इडल्या घातल्या, वर चटणीचा पळा ओतला आणि झाकण लावून मला परत दिला. मी तो खिडकीतून आत धरला. ह्या वेळी मांडीवर ठेवला नाही. सुपरवायझरच्या समोर धरला.

सौद्याचा नियम असा आहे की जो आधी दमतो तो हरतो. माझा हात भरून आला होता. डबा गरम होता, बोटं भाजत होती. मी हात खाली घेतला नाही. तो माझ्याकडे पाहत राहिला. घामाने त्याचा चष्मा नाकावर घसरला होता. खूपच तरुण होता तो, अश्विनीपेक्षा लहान असावा. ड्रायव्हरने मागे वळून घड्याळ दाखवलं. सुपरवायझरने डबा घेतला, क्षणभर धरला, आणि सेल्वीच्या मांडीवर ठेवला.

बस निघाली. सेल्वी दुसऱ्या रांगेत, अश्विनी मागे उभी. मी रस्त्यावरचा भात गोळा करून कुत्र्यांना टाकला आणि टपरीवर पैसे द्यायला गेले.

टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले. इडल्यांचे घेतले नाहीत.

परत आल्यावर

मी आले त्याला महिना झाला. सेल्वीला आठ दिवस घरी बसवलं, पण काढलं नाही. त्या आठवड्यात त्या बसमधल्या एकाही बाईने पांढऱ्या अभ्र्याला पाठ लावली नाही, सगळ्या उभ्याने गेल्या. अश्विनीला ऑफिसात बोलावलं आणि मशीनवरून स्टोअरमध्ये बदली केली. ती म्हणते, तात्पुरती आहे. मला तसं वाटत नाही. त्या बसचे अभ्रे धुवायला म्हणून काढून नेले, ते अजून परत आलेले नाहीत. आता जी आधी येते ती बसते. कारखान्याच्या बाकीच्या दोन बसमध्ये पूर्वीसारखंच आहे, तिथे सराव चालू आहे. राव सारांनी विचारलं होतं, ताक ओतायला येता का. माझा त्यांच्यावर अजून पूर्ण विश्वास नाही. ज्याचं काही जात नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. पण विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा पुढारी मी हा एकच पाहिला.

परवा अश्विनीने एक फोटो पाठवला. बसमधल्या कुणीतरी त्या सकाळी काढलेला. मी आधी मधोमध कोण आहे ते पाहिलं. सेल्वी आहे. अश्विनी मागे, दांडी धरलेली, अर्धीच आली आहे. मी कुठेच नाही. मग अश्विनीचा फोन आला. "आई, नीट बघ. खिडकीत."

खिडकीत एक हात आहे. हिरव्या बांगड्या, डबा धरलेला. बाकीची मी खिडकीच्या खाली राहिले.

मी तो फोटो नानांना पाठवला आहे. त्यांनी पाहिला, तशी खूण आली. उत्तर अजून आलेलं नाही.